आमच्या ह्यांचा राहिलेला बाप्तिस्मा

आमचे हे प्लंबर. होते, असं म्हणायला हवं, कारण आता धंदा मुलगा बघतो आणि हे मुलाच्या चुका बघतात. गुडघे कुरकुरायला लागले, पाठ वाकली, पण कान अजून तिखट. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की घरची बाई बिचारी चहाचं विचारत असते आणि हे मान वाकडी करून आतल्या खोलीकडे कान लावतात. म्हणतात, "तुमचा फ्लश गळतोय वाटतं." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बाप्तिस्म्याची टाकी भरायची, पाणी कोमट करायचं, नंतर उपसायचं आणि टाकी घासायची, हे काम ह्यांनी जन्मभर केलं. ह्यांनी भरलेल्या पाण्यात किती माणसं बुडून वर आली, देवालाच ठाऊक. ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही. माणूस कळता झाला, त्याला स्वतःला विश्वास ठेवावासा वाटला, की त्याने पाण्यात उतरायचं. मग पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला आख्खा पाण्याखाली न्यायचा आणि वर काढायचा. तो बाप्तिस्मा. तो झाल्याशिवाय प्रभुभोजनाच्या भाकरीला आणि द्राक्षरसाला हात लावायचा नाही.

आणि टाकी भरणाऱ्या ह्या माणसाचा स्वतःचा बाप्तिस्माच झालेला नव्हता. हे म्हणायचे, झालाय. मी म्हणायची, नाही. हे भांडण आमच्या लग्नापेक्षा जुनं आहे.

त्याचं असं झालं. मंडळी तेव्हा लहानशी, एका जुन्या लाकडाच्या वखारीत भरायची. भिंतींना भुशाचा वास. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, बायकांच्या डोक्यावर रुमाल. त्याआधी बाप्तिस्मे नदीवर व्हायचे. माझाही तिथेच झाला, आणि दात इतके वाजत होते की 'आमेन'सुद्धा धड म्हणता आलं नाही. मग पाळकांनी ठरवलं, व्यासपीठाखाली टाकी बांधू. वरच्या फळ्या उचलल्या की खाली टाकी, उतरायला पायऱ्या. नळ जोडायला ज्या तरण्या प्लंबरला बोलावलं ते हे.

आले नळ जोडायला आणि अडकले. वर आमची गाणी चालायची आणि खाली हे पाइप कापत बसायचे. मग एकदा गळती बघायला म्हणून आले, गळती नव्हतीच. पुन्हा आले ते सरळ बाकावर येऊन बसले. माझ्या वडिलांना वाटलं, पोरगा प्रभूकडे वळतोय. माझ्या आईला वाटलं, पोरगा आपल्या पोरीकडे वळतोय. दोघांचंही खरं होतं. लग्नाची बोलणी झाली, आणि ठरलं की टाकीच्या पहिल्याच रविवारी ह्यांचाही बाप्तिस्मा व्हायचा.

त्या दिवशी पांढरे झगे घालून सगळे रांगेत उभे. झगे मीच शिवले होते. पाण्यात शिरलं की झग्याचा घेर छत्रीसारखा वर येतो आणि भलतीच पंचाईत होते, म्हणून ह्यांनी मला मूठभर लोखंडी वॉशर आणून दिले होते आणि मी ते घेराच्या दुमडीत टाके घालून बसवले होते. आमच्या प्रेमाच्या भेटवस्तू ह्या अशा. चार-पाच जण बुडून वर आले. मग पाळक म्हणाले, पुढच्यांसाठी प्रार्थना करू, आणि सगळ्या मंडळीने डोळे मिटले. पाळकांची प्रार्थना म्हणजे लांबण. आधीच्या माणसाचा पाय तळाच्या बुचाला लागला असणार, कारण पाणी गुपचूप उतरायला लागलं. पाळकांच्या छातीपर्यंत होतं ते कमरेला आलं. ह्यांचा नंबर पुढचाच. ह्यांना ते दिसलं, आणि माणूस शेवटी प्लंबर! झग्यासकट टाकीत उतरले, नाक धरून तळाशी गेले, बूच ठोकून बसवलं आणि फुर्रकन वर आले.

नेमकं तेव्हाच पाळकांनी 'आमेन' म्हटलं. डोळे उघडून बघतात तो समोर हे, केसांतून पाणी निथळतंय. त्यांना वाटलं, ह्याला आपण मघाशीच बुडवला. त्यांनी ह्यांच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला, "प्रभूची स्तुती असो!" म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. मंडळीने टाळ्या वाजवल्या. हे पायऱ्या चढून बाहेर.

हे सगळं फक्त मी बघितलं. कारण प्रार्थनेत माझे डोळे उघडे होते. का उघडे होते ते विचारू नका, होणारा नवरा समोर उभा होता, बस्स.

बाहेर पडल्यावर मी ह्यांना गाठलं. म्हटलं, "अहो, तुमचा राहिला."

"राहिला कसा? पाण्याखाली गेलो की नाही? मनात प्रभू होता की नाही? पाळकांनी डोक्यावर हात ठेवला की नाही?"

"पण नाव कुठे घेतलं? तुम्हाला बुडवलं कुणी? तुम्ही आपले आपणच बुडालात. तो बाप्तिस्मा नव्हता, ते प्लंबिंग होतं."

"आणि हे तू कुणाला सांगणार? की प्रार्थना चालू असताना मी टकामका बघत होते?"

झालं, मी अडकले. तेव्हा मंडळीत बाईने तोंड उघडायचं नसे. प्रार्थनासुद्धा मनातल्या मनात. तरी मी पाळकीणबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "तुझा माणूस आहे ना, त्यालाच सांगू दे." त्यालाच सांगू दे! त्याने सांगितलं असतं तर मी कशाला आले असते?

लग्न झालं, मुलगा झाला, आणि भांडणही संसारात रुळलं. हे चिडले की मी म्हणायची, "गप्प बसा, बाप्तिस्मा न झालेले!" आणि हे म्हणायचे, "डोळे मीट, डोळे!" बाकी आमचं छान चाललं होतं, खोटं कशाला बोलू. हे शनिवारी टाकी भरायचे. आधी चुलीवर हंडे तापवून ओतायचे, मग हीटर बसवला. तो हीटर एकदा असा बिघडला की पाळक पाण्यात उतरले आणि बोंब ठोकून बाहेर आले. मंडळीला वाटलं, पवित्र आत्मा उतरला.

बघता बघता मंडळी बदलली. पहिले पाळक थकले आणि त्यांच्या जागी आले ते गिटार घेऊनच. मग ड्रम आले. ड्रम आले त्या रविवारी तीन वडीलधारे उठून गेले ते कायमचेच. गीतांची पुस्तकं कपाटात गेली, गाण्याचे शब्द भिंतीवर दिसायला लागले. बायकांच्या डोक्यावरचे रुमाल कधी गेले कळलंच नाही. एका रविवारी मी सहज आजूबाजूला बघितलं तर रुमालवाली मी एकटीच. घरी येऊन काढून ठेवला. आधी दोन तासांचं प्रवचन पापावर असायचं, आता अर्ध्या तासाचं असतं आणि विषय असतो चिंता, किंवा नवराबायकोचं पटत नाही ते. ऐकायला बरं वाटतं, नाही असं नाही.

पण सगळ्यात मोठा बदल म्हणजे जागा. माणसं वाढली, वखार पुरेना, आणि आत्ताचे नवे पाळक आले. वयाने माझ्या मुलाएवढे, जीन्स घालतात आणि सांगतात, मला नावानेच हाक मारा. मला काही जमत नाही, मी पाळकसाहेबच म्हणते आणि ते दर वेळी कसंनुसं हसतात. त्यांनी मंडळी नेली कुठे, तर बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात! अहो, ह्याच थिएटरात माझ्या नणंदेने एकदा चोरून सिनेमा बघितला म्हणून तिला कित्येक महिने प्रभुभोजन बंद होतं. बिचारी मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. आणि आता आम्ही त्याच थिएटरात, त्याच खुर्च्यांवर, हातात कॉफीचा कप घेऊन देवाचं गाणं गातो. पहिल्या दिवशी नणंद आत आली, तिने खुर्ची हाताने चाचपली आणि मला म्हणाली, "वहिनी, मी तेव्हा इथेच बसले होते गं." आणि आम्ही दोघी भर उपासनेत खी खी करून हसलो. पूर्वी असं हसलो असतो तर बाहेर काढलं असतं.

मंडळीचं नावही बदललं. आधी पाटीवर दोन ओळींत मावायचं नाही एवढं लांब होतं. आता एकच शब्द, बिस्किटाच्या पुड्यावर शोभेल असा. मला राग येतो कधीकधी. पूर्वी पाळकांना आमच्या घरात कुणाला ताप आहे, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, सगळं ठाऊक असायचं. आता आजारी पडलात तर फोनवर बटण दाबून कळवायचं, आणि कुठल्याशा टीमचा संदेश येतो. पण मग थिएटरच्या दारात उभी असलेली आमची शेजारीण मी बघते. तिचा घटस्फोट झाला तेव्हा वखारीत तिच्या शेजारी कुणी बसत नसे. आज तीच दारात गळ्यात बिल्ला अडकवून येणाऱ्या प्रत्येकाचं हसून स्वागत करते. मग माझा राग कुठल्या कुठे पळतो.

टाकीही बदलली. आता चाकांवरची टाकी आहे, पुढची बाजू काचेसारखी आरपार. ती ढकलत मंचावर आणायची, स्वच्छतागृहाच्या नळाला लांब पाइप जोडून भरायची. झग्यांऐवजी काळे टी-शर्ट. माणूस बुडून वर आला की ड्रम वाजतो, लोक ओरडतात, फोनवर फोटो काढतात. हे आधी नाक मुरडायचे. "टाकी आहे की माशांचं भांडं?" पण त्या टाकीचा पाइप हे दुसऱ्या कुणाला धरू देत नसत.

आता भिंगरीचं सांगते. भिंगरी म्हणजे आमची नात, मुलाची मुलगी. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. लहानपणापासून शनिवारी आजोबांबरोबर टाकी घासायला जायची. हात घासण्यात कमी आणि तोंड प्रश्नांत जास्त. देव पाण्याखाली बघतो का? पापं पाण्यात राहतात तर आपण ते पाणी कुठे सोडतो? हे तिला सगळ्याची उत्तरं द्यायचे, काही बरोबर, काही आपली मनची. मला विचाराल तर ती पोरगी विश्वासात आली, म्हणजे प्रभूला मानायला लागली, ती प्रवचन ऐकून नाही, टाकी घासून.

नव्या पाळकांनी एक नवीन पद्धत काढली होती. पाळकांनीच बाप्तिस्मा द्यायला हवा असं नाही. ज्या माणसाने तुम्हाला विश्वासात आणलं, त्यानेच पाण्यात उतरून तुम्हाला बुडवावं. आई असो, मित्र असो, कुणीही. अट एकच, की त्या माणसाचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असावा.

एका संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. सूनबाई सूप वाढत होती. भिंगरी म्हणाली, "मी पाळकांना सांगितलं. पुढच्या महिन्यात माझा बाप्तिस्मा. आणि तो मला आजोबा देणार."

ह्यांचा चमचा हातातच राहिला. उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला. खूप वेळ नळ वाहत होता. आमच्या घरात कुणी नळ वाहता ठेवला तर हे घर डोक्यावर घेतात, म्हणून मला कळलं की आत माणूस रडतोय. बाहेर आले तेव्हा डोळे लाल आणि चेहरा असा, की लग्नाच्या दिवशीही एवढा फुललेला बघितला नव्हता.

मला मात्र ती अट आठवली. ह्यांचा राहिलाय हे मुलगा-सून, नात, कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या चेष्टेतलं 'बाप्तिस्मा न झालेले' त्यांना चेष्टाच वाटायची. सकाळी चहा पिताना मी हळूच म्हटलं, "सांगणार का पाळकांना?"

"काय सांगायचं? झालाय माझा."

आधीसारखं जोरात नाही म्हणाले. कपात बघत म्हणाले. मीही पुढे ताणलं नाही. मी तोंड मिटून बसले म्हणजे घरात कुणालातरी ताप आला असं समजतात, पण बसले. ह्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही. एक गोष्ट न मागता दारात आली होती, आणि ती हिसकावून घेणारी मी कोण?

मग आली कॅमेरावाली पोरगी. बाप्तिस्म्याआधी छोटा व्हिडिओ करायचा असतो, थिएटरच्या पडद्यावर दाखवायला. तिने आमच्या बाहेरच्या खोलीतलं सामान इकडचं तिकडे केलं, खिडकीपाशी खुर्ची ठेवली, ह्यांच्या शर्टाला माइक लावला. भिंगरी आजोबांच्या पायाशी जमिनीवर बसली. मी दारात, हातात पळी.

"आजोबा," ती पोरगी म्हणाली, "तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची गोष्ट सांगा ना. जसा झाला तशी."

ह्यांनी घसा खाकरला. वखारीचं सांगितलं, टाकीचं सांगितलं, माझ्या वडिलांचं सांगितलं. रांगेचं सांगितलं. "मग माझा नंबर आला," म्हणाले, "आणि पाळकांनी मला..."

थांबले.

"पाळकांनी मला..." पुन्हा थांबले. भिंगरी मान वर करून बघत होती. तिच्या तोंडाकडे बघून हे आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, पापांचं पाणी कुठे सोडतो असं तिने विचारलं तेव्हासुद्धा नाही.

"थांबवू का आजोबा?" पोरगीने विचारलं.

"नको. चालू ठेव," हे म्हणाले. "पाळकांनी मला काही केलं नाही. बूच निघालं होतं, ते बसवायला मी आत गेलो. वर आलो तर त्यांना वाटलं, झाला. मला कुणी बुडवलं नाही, कुणी नाव घेतलं नाही. माझा बाप्तिस्मा झालेला नाही. हिला ठाऊक आहे." आणि माझ्याकडे बोट केलं.

जन्मभराचं भांडण मी जिंकले, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. वाटलं, आत्ता कुणी म्हणावं की ही बाई खोटं बोलते, हिचे डोळे मिटलेले होते.

भिंगरीचा आवाज एवढासा झाला. "म्हणजे आता तुम्ही मला देणार नाही?"

"नाही बाळा. नाही देता येणार."

ती उठली आणि आत गेली. दार आपटलं नाही, हेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, चल, पाळकांकडे. पाळकांचं ऑफिस म्हणजे थिएटरची जुनी तिकीट खिडकी, आत एक टेबल आणि दोन खुर्च्या. मी दाराशी उभीच. ह्यांनी सगळं सांगितलं, बुचासकट. पाळक आधी हसू दाबत होते, मग गंभीर झाले, मग उठून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजोबा, कशाला एवढं मनाला लावून घेता? देव मन बघतो. तुम्ही इतकी वर्षं सेवा केलीत. माझ्याकडून चालेल. तुम्ही खुशाल नातीला बाप्तिस्मा द्या."

आता मला सांगा, जे मी जन्मभर ऐकत आले तेच हा माणूस बोलत होता. मन होतं, पाणी होतं, मग राहिलं काय? पण ऐकून माझ्या अंगाचा भडका उडाला.

"चालेल म्हणजे?" मी म्हटलं. "पाळकसाहेब, दुकानात सुटे नाहीत म्हणून गोळी घ्या, तसं चालेल? आमचे हे काल कॅमेऱ्यासमोर खरं बोलले, नातीच्या डोळ्यांत पाणी आणून बोलले, ते तुमच्या 'चालेल'साठी नाही!"

पाळक लालबुंद झाले. म्हणाले, "चुकलंच माझं, आजी."

हे मात्र शांत. "मला नाही चालणार, साहेब," म्हणाले. "मी पोरीला पाण्याखाली नेणार. हात माझे. ज्याला स्वतःला कुणी धरून नेलं नाही, त्याने दुसऱ्याला कसं धरायचं? आधी माझा करा. त्याच रविवारी, त्याच पाण्यात. मग लगेच तिचा मी देतो."

"करू की!" पाळक खुलले. "मी स्वतः..."

"तुम्ही नको. हिने द्यायचा."

मी मागे बघितलं. मागे भिंत होती.

"मी? अहो, काहीतरीच काय! बाईमाणसाने?"

"का नाही?" पाळक म्हणाले, जणू मी विचारलं होतं की बाईने चहा प्यावा का.

"मला चार लोकांत बोलता येत नाही," मी म्हटलं. आणि दोघेही इतके हसले की बाहेरची झाडूवाली डोकावली.

मग हे म्हणाले, "पाळक तीन झाले. सगळ्यांनी मला झालेला धरलं. ह्या एका बाईने नाही धरलं. रोज सांगितलं, राहिलाय म्हणून. मी ऐकलं नाही, पण ती थांबलीही नाही. मग मला देवाकडे कुणी आणलं म्हणायचं?"

मी म्हटलं, "बरं, देते." ह्यांचं मी ऐकते असं फार वेळा होत नाही.

भिंगरीला सांगितलं तर ती घरभर नाचली. मग तालमी सुरू झाल्या. सोफ्याच्या पुढे गाद्या टाकायच्या, हे पाठीवर पडायचे आणि मी धरायचं. "आजी, एक हात मानेखाली! दुसऱ्याने त्यांचे हात धर! तू त्यांना ढकलतेस, टेकवायचंय!" सूनबाई हसून हसून बेजार. ह्यांची पाठ दुखायला लागली आणि माझे हात. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला बुडवायला क्रेन मागवू का?" मी त्याला लाटणं दाखवलं.

रविवार आला. पाइप ह्यांनी स्वतःच धरला, कुणाचं ऐकलं नाही. काळा टी-शर्ट ह्यांच्या पोटावर बसेना, मी ओढून खाली केला. मी म्हटलं होतं, टी-शर्ट घालणार नाही, मेले तरी नाही. घातला. थिएटर भरलं होतं, नणंद पुढच्या रांगेत. पडद्यावर तो व्हिडिओ दाखवला, काही न कापता, बुचासकट. लोक आधी हसले, मग माना वळवून ह्यांना शोधायला लागले.

आम्ही पाण्यात उतरलो. पाळक बाजूला उभे राहिले, आमची वयं बघून. पाणी कोमट होतं. हे माझ्याकडे पाठ करून उभे, हात छातीवर घडी. मान मागून किती बारीक झाली आहे ते मला तेव्हा दिसलं.

"अहो," मी म्हटलं, माइक आहे हे विसरूनच. "भिऊ नका हं. मी धरलंय."

"तू धरलंस म्हणूनच भीती वाटते," हे म्हणाले, आणि सगळं थिएटर हसलं.

मग मी बोलले. जिथे बायकांनी तोंड उघडायचं नाही त्या मंडळीत वाढलेली मी, मोठ्याने म्हणाले, "तुमच्या विश्वासावरून मी तुम्हाला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." आणि ह्यांना मागे टेकवलं. हे आले. आख्खा माणूस माझ्या हातांवर आला, कुठेही ताठरपणा नाही, लहान मुलासारखे डोळे मिटलेले, आणि पाणी चेहऱ्यावर मिटलं. एवढ्या वर्षांत मी ह्यांना शिव्या घातल्या, औषधं दिली, बटणं लावली, पण इतकं जपून कधी धरलं नव्हतं. क्षणभर वाटलं, नकोच सोडायला.

वर काढताना मात्र वजन पेलेना, पाळकांनी टेकू दिला. हे वर आले, श्वास घेतला, आणि तोंड पुसायच्या आधी हात पुढे केला. "भिंगरे, ये."

ती जवळजवळ उडी मारूनच आत आली. ह्यांनी तिच्या मानेखाली हात घातला, तेच शब्द म्हणाले, एकही चुकला नाही, आवाज कापला नाही. ती खाली गेली आणि हसत वर आली, आजोबांच्या गळ्यात पडली, आणि हे सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडायला लागले, नळ न सोडता, तोंड न लपवता. ड्रम वाजत होता की नाही मला आठवत नाही. पाळक मला हात देत होते, आजी, या बाहेर, पायरी जपून. मी म्हटलं, थांबा हो जरा. आम्ही तिघं त्या कोमट पाण्यात उभे होतो, आणि मला बाहेर यायचंच नव्हतं.